लावणीचा दिवस

मुंबईतील नोकरी सोडून रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील मूळ घरी राहायला आल्यानंतर आज प्रथमच भाताच्या लावणीसाठी चिखलात उतरलो. मृगाच्या सुमारास पेरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, तीन-साडेतीन आठवड्यांत उपटायला येतात. मग त्यांच्या जुड्या बांधायच्या, मुळांची माती पाण्यात खळखळून धुवायची आणि चिखलणी झालेल्या खाचरात एका चुडात 2-3 रोपे धरून ती अंगठ्याच्या नेटाने वरवरच रोवायची. मी उत्साहाने खोल दाबत होतो, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझे चूड पुन्हा उपटले आणि खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, हे न रागावता सांगितले. त्यांच्या ओळी सरळ होत्या. माझ्या ओळींविषयी न बोललेलेच बरे.

दुपारी बांधावर भाकरी खाताना विषय निघाला तो पाण्याचा. ज्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथेच एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात, कारण सच्छिद्र जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरून वाहणारे पाणी वहाळांतून (ओढ्यांतून) थेट खाडीला मिळते. गावाकडच्या हिरवाईचे गोडवे गाणाऱ्यांनी (त्यांत मीही होतो) एकदा मे महिन्यात येथे राहून पाहावे. पावसाळा सरल्यावर वहाळावर कच्चा बंधारा घालण्याचे वाडीत ठरले आहे. तेव्हा सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या माझ्या मुंबईकर चुलतभावंडांनी दिवाळीची रजा जरा वाढवूनच घ्यावी.