‘माँगूस’मध्ये ‘गूस’ नाही

लहानपणी कुंपणापाशी मुंगूस दिसले की आम्ही भावंडे जागच्या जागी थांबून ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ असे म्हणत असू, आणि झुडपात शिरण्यापूर्वी त्याने क्षणभर वळून पाहिले की दिवस चांगला जाणार याची आम्हांला खात्री वाटे. ज्या नावाने आम्ही त्याला साद घालत होतो तेच नाव इंग्रजी कोशांत जाऊन बसले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

इंग्रजीतील ‘माँगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला, अशी नोंद इंग्रजी कोशकारांनीच केलेली आहे. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर वावरणाऱ्या युरोपीय लोकांच्या कानी तो पडला, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो आढळतो. फ्रेंचांचा ‘मांगुस्त’ही याच कुळातला.

मात्र मराठीतही हा शब्द एकटा नाही. संस्कृतात या प्राण्याला ‘नकुल’ म्हणतात आणि हिंदीत ‘नेवला’. आपला शब्द या दोहोंपेक्षा तेलुगूतील ‘मुंगिस’ आणि कन्नडमधील ‘मुंगुसि’ यांच्याशी सरळ जुळतो, म्हणून त्याचे मूळ द्राविडी मानले जाते. दक्षिणेच्या शेजारातून आपल्याकडे आलेला शब्द आपण पुढे साता समुद्रापार पाठवला, याचे मला फार अप्रूप वाटते.

इंग्रजीत शिरताना त्याच्या शेवटच्या अक्षरांना मात्र ‘गूस’ या पक्ष्याच्या नावाचे वळण मिळाले, आणि तेव्हापासून इंग्रजी बोलणारेही अनेकवचनापाशी अडखळतात. गूसचे ‘गीस’ होते, म्हणून माँगूसचे ‘माँगीस’ व्हावे असे त्यांना वाटते. पण त्या पक्ष्याशी या शब्दाचे काहीच नाते नसल्यामुळे प्रमाण रूप ‘माँगूसेस’ असेच आहे. आपल्या भाषेत ‘मुंगूस’चे ‘मुंगसे’ होते, मधला ऊकार गळतो, आणि याबाबत शंका घेणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

शास्त्रीय नामावलीतही हा शब्द ‘मुंगोस’ या प्रजातिनामाच्या रूपाने पोहोचला आहे. त्या प्रजातीतल्या दोन्ही जाती आफ्रिकेतल्या आहेत. आपल्या अंगणात येणाऱ्या करड्या मुंगसाचा समावेश तिच्यात होत नाही.