सुळ्याने राखलेलं भोक

परवा एका पेशंटच्या तोंडात आरसा घातला आणि मला अंटार्क्टिकातला वेडेल सील आठवला. गृहस्थ झोपेत दात खातात. पुढचे दात झिजून करवतीने कापल्यासारखे सपाट झालेत. नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कवच, बनवायला माप घेतलं, चार शब्द सुनावले आणि पाठवून दिलं. सीलला नाईट गार्ड कोण देणार?

मी बावीस वर्षं दातच बघतोय, त्यामुळे कुठलाही प्राणी मला आधी जबड्यापासून दिसतो. वेडेल सीलचे वरचे सुळे आणि पटाशीचे दात जरा पुढे झुकलेले असतात. ते भक्ष्य फाडायला असतील असा माझाही समज होता. पण त्यांचं मोठं काम बर्फ खरवडायचं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला धरून राहिलेल्या जाड बर्फाखाली हा वर्षभर राहतो. वर हिवाळ्यात उणे चाळीस, खाली पाणी उणे दोनच्या जरा अलीकडे, म्हणजे खालीच बरं. मासेही खालीच. फक्त हवा वर. मग भरती-ओहोटीने बर्फाला जिथे भेग पडते तिथे एक भोक धरायचं आणि ते गोठू नये म्हणून पाण्यातूनच जबडा वासून, मान डावीकडून उजवीकडे फिरवत कडा किसत राहायच्या. रोज. काळोखाचे महिनेच्या महिने.

दातावरचं कठीण इनॅमल जातं, त्याखालचा मऊसर थर, डेंटिन, उघडा पडतो, मग पल्प, म्हणजे आतला नसांचा गाभा. त्यानंतर मुळाशी पू. माझ्याकडे माणूस गाल धरून येतो त्या अवस्थेत हा प्राणी पुन्हा बर्फ घासायला जातो. दात पार झिजले की भोक राखता येत नाही, आणि म्हाताऱ्या वेडेल सीलांच्या मरणाचं ते एक कारण मानलं जातं.

भोक शाबूत असलं की मात्र शिकार बघण्यासारखी. बुडी मारण्याआधी हा श्वास सोडून देतो. ऑक्सिजनचा साठा फुप्फुसांत नसतो, रक्तात आणि स्नायूंत असतो. त्या जोरावर सहाशे मीटरपर्यंत आणि कधी तासाहून जास्त वेळ. खोलवर रुपेरी मासे आणि टूथफिश मिळतात. पण मला आवडते ती वरवरची युक्ती. 1999 साली संशोधकांनी सीलांच्या अंगावर बसवलेल्या कॅमेऱ्यांतून टिपलेली दृश्यं मांडली. बर्फाच्या खालच्या बाजूला फटीत लपलेल्या माशांवर सील नाकातून बुडबुडे सोडतो, मासा दचकून बाहेर येतो, संपला विषय.

क्रॅबईटर सीलचं नाव निव्वळ फसवं. तो खेकडे खात नाही, क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव खातो. त्याच्या दाढा मी फोटोत पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा जेवायचं विसरलो होतो. एकेका दाढेला मागे वळलेले कंगोरे, आणि तोंड मिटलं की वरचे-खालचे एकमेकांत असे बसतात की आयती चाळणी. तोंडात पाणी घ्यायचं, बाहेर ढकलायचं, क्रिल आत. हिवाळ्यात क्रिल बर्फाच्या पोटाला लागलेलं शेवाळ खरवडतं, म्हणून हा भोक राखत बसत नाही. तरंगत्या बर्फासोबत पसरतो आणि त्याच्यासोबतच आक्रसतो. लेपर्ड सीलकडे दोन्ही हत्यारं: दाढांची चाळणी क्रिलसाठी, आणि उन्हाळा सरताना पेंग्विनची पिल्लं पहिल्यांदा पाण्यात उतरतात त्या वेळेसाठी भलेथोरले सुळे.

आर्क्टिकमधला रिंग्ड सील शहाणा म्हणायचा. तोही बर्फात भोकं राखतो, पण पुढच्या वल्ह्यांच्या नखांनी. दात वाचले! दाढीवाला सील तर आमच्या धंद्याला फाटाच देतो. तो तळाच्या चिखलात मिशांनी चाचपतो आणि शिंपल्यातला जीव ओठांनी ओढून घेतो. त्याचे दात लवकर झिजतात, पुष्कळदा पडतात, आणि तो तरी धष्टपुष्ट. कवळीचं नाव नाही.

पण पडलेला दातही गप्प बसत नाही, वय सांगतो. 1952 मध्ये रिचर्ड लॉज यांनी एलिफंट सीलच्या दाताचा काप घेऊन त्यातल्या थरांवरून वय काढायची पद्धत मांडली. हा प्राणी वर्षाचे काही आठवडे किनाऱ्यावर विणीसाठी आणि पुन्हा कात टाकण्यासाठी उपाशी पडून असतो, उरलेलं वर्ष समुद्रात बुड्या मारत खातो. ती उपास-खादाडीची पाळी डेंटिनमध्ये आलटून पालटून उतरते. वीणकाळात मोठे नर तीनेक महिने काही न खाता काढतात.

माणसाच्या दाताच्या मुळावरही सिमेंटम या कठीण आवरणाचे असे वर्षाचे थर चढतात. परवाच्या पेशंटना ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझं वय इथे लपत नाही?" तोंडात कापूस होता, तरी नीट कळलं.