अंग सोडा, काकी

फोंड्यात मी कथक शिकवते. लहान मुलींच्या तुकड्या संपल्या की शेवटची तुकडी मोठ्या बायकांची. यांतल्या कुणाला परीक्षा द्यायची नसते. कुणाची शुगर वाढलेली, कुणाची पाठ धरते, कुणाचं लहानपणी शिकायचं राहून गेलेलं. बाहेरच्यांना वाटतं, या वयात पाय वळत नसतील. पाय वळतात. तत्कार, म्हणजे 'ता थेई थेई तत्'चं पायकाम, १६ मात्रांत बसायला फार दिवस लागत नाहीत. बायका अडतात त्या समोरच्या आरशापाशी.

आमच्या हॉलमधल्या आरशाच्या दोन काचा आहेत. सांध्यापाशी पारा उडालाय, नेमका छातीपासून गुडघ्यापर्यंत. ज्या काकींबद्दल लिहितेय, त्या पहिल्या दिवसापासून त्याच सांध्यासमोर उभ्या राहायच्या. एकदा मी त्यांच्या जागेवर जाऊन पाहिलं. तिथून आपला चेहरा दिसतो, पावलं दिसतात, मधलं काही दिसत नाही. पन्नाशीच्या आसपासच्या, सरकारी कचेरीत फायली सांभाळणाऱ्या या बाईंनी अख्ख्या हॉलमधून ती जागा शोधून काढली होती.

घरचा विरोध होताच. 'या वयात घुंगरू?' हे सासूबाईंचं वाक्य. आमच्या भागात या वाक्याला मोठा इतिहास आहे. गोव्यात घुंगरू बांधायचे ते देवळाच्या सेवेतल्या कलावंत घरांतल्या स्त्रियांनी. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, गोव्याचं गाणं जगाला ज्यांनी ऐकवलं त्या अशाच घरांतल्या. त्यांच्या कलेवर जीव टाकायचा आणि आपल्या घरातल्या बाईनं मात्र अंग चोरून राहायचं, ही रीत समाजानं चालवली. ती अजून पुरती गेलेली नाही. पौषातले बायकांचे धालोनाच चालतात, चवथीची फुगडी चालते, कारण ती 'आपली'. आपलं अंग नाचताना चारचौघांत दिसलं, की लाज.

श्रावणात एका संध्याकाळी हॉलचं छप्पर गळायला लागलं. दर पावसाळ्याचं रडगाणं आहे हे. भाडं मात्र वेळेवर लागतं. शेवटी जवळच्या देवळाच्या कमिटीला विचारून वर्ग सभामंडपात नेला. गुळगुळीत फरशी, उंच खांब, आरसा नाही. घुंगरू मी सोडूनच ठेवायला सांगितले आणि म्हटलं, आज फुगडी घालू.

मला फुगडीचा अभिमान आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कथकच्या चक्करमध्ये डाव्या टाचेवर स्वतःचा तोल स्वतःच सांभाळायचा असतो. शरीर सरळ, आस आपल्या अंगातून जाणारी. फुगडीत ती आस दोघींच्या मधे, मोकळ्या हवेत असते. हात कातरीसारखे आडवे धरायचे, कोपरं ताठ, पावलं जोडीदारणीच्या पावलांजवळ, आणि अंग मागे टाकायचं. नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवली की भोवळ येत नाही. एकीनं वजन राखून ठेवलं तर दोघी डगमगतात. वजनात फरक असला तर तोलाचा मध्य जड बाईकडे सरकतो. ती लहान वर्तुळात फिरते, हलकी मोठ्या वर्तुळात. वजनदार बाई घट्ट मागे रेलली नाही, तर समोरचीला फिरताच येत नाही.

काकींच्या वाट्याला आली ती आमची कॉलेजातली मुलगी. काडीसारखी. भर मे महिन्यातसुद्धा कोपराखाली हात झाकणारी, 'माझी नुसती हाडं दिसतात' म्हणणारी. दोघी जेमतेम बोटं धरून उभ्या. काकी पुढे झुकलेल्या, आपला भार त्या पोरीवर पडू नये म्हणून जपणाऱ्या. दोन फेऱ्यांत पाय अडखळले. खांबाशी अबोलीचे वळेसर करत बसलेल्या आजी हातातला दोरा न थांबवता ओरडल्या, "आंग सोड गो बाये!"

मी त्यांना बोटांऐवजी मनगटं धरायला लावली. "काकी, अंग सोडा. तिला तुमचा भार हवाय."

काकी रेलल्या. मुलीचे हात ताणून सरळ झाले, बाह्या कोपरापर्यंत वर सरकल्या आणि ती जी फिरली! 'फू फू' करत दोघींचा वेग वाढत गेला. मुलगी किंचाळून हसत हात ढिले करू लागली तशा काकी दरडावल्या, "सोडू नकोस! मी धरलंय ना!" इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. थांबल्यावर धापा टाकत त्यांनी मला सुनावलं, "ताई, गाणं लावा की. नुसत्याच काय फिरवताय?"

'आधी' आणि 'नंतर'चे फोटो चिकटवून आत्मविश्वास विकणारे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत. कार्यक्रमांचे आयोजक तर मला तोंडावर सांगतात, पुढच्या रांगेत बारीक मुली घ्या. मला त्यांची चीड येते. काकींचं वजन त्या संध्याकाळी एक ग्रॅमनं कमी झालं नव्हतं, आणि 'तुम्ही छान दिसता' असंही त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

पण छप्पर दुरुस्त झाल्यावर आम्ही हॉलमध्ये परतलो, आणि काकी पुन्हा त्याच सांध्यासमोर उभ्या राहिल्या. हे माझ्या डोक्यातून जात नाही. मग सभामंडपात नेमकं काय घडलं होतं? आरसा नव्हता म्हणून? की कुणाला तरी त्यांच्या भाराची गरज लागली म्हणून? आता वर्गाची सुरुवात मी फुगडीनं करते, जोड्या दर वेळी बदलून. काकी फुगडीला पुढे येतात, तत्काराला मागे जातात. मुलगी अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून आली, एकदाच.

आरशावर ओढायला पडदा शिवून घेतलाय. हॉलवाले भिंतीत खिळा मारू देत नाहीत. परत एकदा अर्ज केलाय, आणि नाहीच म्हणाले तर देवळाच्या कमिटीकडे जाऊन आठवड्यातला एक दिवस मागणार आहे.