गाठ आणि कोठारे

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या वडिलांनी तीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणल्या. आता सकाळी काय खाल्ले ते त्यांना दुपारी आठवत नाही. पण तुटलेल्या सुताची दोन टोके हातात दिली, तर क्षणात गाठ बसते आणि ती कशी मारली असे विचारल्यावर ते नुसते बोटांकडे बघत राहतात.

अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या स्मृतीच्या प्रतिमानात माहिती संवेदी (डोळे-कानांनी टिपलेले क्षणभर धरणारे), अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा तीन कोठारांतून पुढे सरकते. शिकवायला हे फार सोयीचे आहे. मात्र दीर्घकालीन कोठार एकसंध मानले, तर वडिलांच्या गाठीचा उलगडा होत नाही. १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झालेला ‘एच. एम.’ हा रुग्ण नव्या घटना लक्षात ठेवू शकत नसे, तरीही आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याचे त्याचे कौशल्य दिवसागणिक सुधारत गेले, आणि आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला दर वेळी गंधवार्ताही नसे.

बॅडले आणि हिच यांनी १९७४ मध्ये अल्पकालीन स्मृतीचीच फोड करून कार्यकारी स्मृतीची, म्हणजे माहिती थोडा वेळ धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीची, कल्पना मांडली. तिच्यातला, लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणारा ‘मध्यवर्ती नियंत्रक’ मला अजूनही न सुटलेल्या प्रश्नाला दिलेले भारदस्त नाव वाटतो.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मी लहानपणी हरवलो होतो, ते आकाशपाळण्यापाशी की तळ्याकाठी, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ मध्येच म्हटले होते की आठवणे म्हणजे पुनर्रचना. कोठारांच्या आकृतीत तिला जागाच नाही.