केळं, बुचं आणि भिंगरी

आमच्या चाळीत २६ जानेवारीला सत्यनारायण असतो. परळ-लालबागच्या माणसाला यापुढचं सांगायला नको. सकाळी झेंडा, मग पूजा, तीर्थप्रसाद, संध्याकाळी हळदीकुंकू, दहावी-बारावीवाल्यांचा सत्कार आणि अध्यक्षांचं भाषण. भाषण दरवर्षी तेच असतं आणि माइकही दरवर्षी त्याच वाक्याला कुंई करतो. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दीड तासाबद्दल. त्याला आम्ही नुसतं 'गंमत' म्हणतो.

चित्रकलेतली, शिल्पातली, डिझाइनमधली एखादी खुळी, भन्नाट गोष्ट वर्षभरात कुठे वाचली-पाहिली असेल, तर ती पाच मिनिटांत सगळ्यांना सांगायची. अट एकच. फोटो दाखवायचा नाही, घरातल्या अडगळीतून वस्तू करून आणायची. ही अट काही कोणी विचार करून घातलेली नाही. पहिल्याच वर्षी भाड्याने आणलेला प्रोजेक्टर सुरूच होईना. तेवीस नंबरच्या वहिनी बोलायला उभ्या होत्या. त्या अर्धा तास थांबल्या, मग चिडून गॅलरीतल्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि टेबलावर उभा केला. म्हणाल्या, "हा असाच चिमटा क्लेस ओल्डनबर्ग नावाच्या माणसाने १९७६ साली फिलाडेल्फियात भर रस्त्यात उभा केलाय. पंचेचाळीस फूट उंच. म्हणजे आपल्या चाळीच्या कौलापर्यंत." सगळ्यांनी माना वर केल्या. त्या दिवसापासून प्रोजेक्टर बंद. भाड्याचे पैसे काही परत मिळाले नाहीत, ते सोडा.

मंडळाची वही माझ्याकडे असते. कोण काय बोललं, कोण आलं, कोण आलं नाही, सगळं मी त्यात लिहिते. कोण आलं नाही हे जरा ठळक अक्षरात.

सगळ्यांना आठवतं ते २०२०चं केळं. आदल्याच महिन्यात मायामीच्या कलाजत्रेत मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताने एक केळं चिकटपट्टीने भिंतीला लावलं होतं आणि ते १ लाख २० हजार डॉलरला विकलं गेलं होतं. सतरा नंबरच्या कॉलेजातल्या पोरीने प्रसादाच्या फणीतलं एक केळं उचललं आणि जिन्याच्या खांबाला खाकी पट्टीने चिकटवलं. पूजेचं केळं म्हणून दोन काकू आधी रागावल्या. मग तिने समजावलं की घेणाऱ्याला खरं तर केळं मिळतच नाही, मिळतो तो एक दाखला आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना. केळं सडलं की नवं आणायचं. यावर अकरा नंबरचे आजोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आपल्या पागडीच्या खोल्यांसारखंच की. भिंत पडली तरी चालेल, पावती जपायची." अशी दाद कुठल्या समीक्षकाने दिली असेल असं मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेच काम ६२ लाख डॉलरला गेलं, तेव्हा मी तो आकडा मंडळाच्या फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'वर्गणी थकलेल्यांनी केळी आणावीत.'

बायकांच्या गटाने एकदा बुचांची साडी केली. शर्मिला सामंत या मुंबईच्याच कलाकर्तीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोकाकोलाच्या बाटल्यांच्या बुचांची आख्खी साडी केली होती. आम्ही कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून दोन पिशव्या बुचं आणली, खिळ्याने भोकं पाडली आणि तारेने जोडत बसलो. महिनाभरात झाला तो हातभर पदर. एकोणीस नंबरच्या काकूंनी तो खांद्यावर घेतला आणि चार पावलं चालल्या. अंगणभर खळखळाट झाला. "नऊ वारी असती तर मी उठलेच नसते," म्हणाल्या.

हजेरीबद्दल बोलायलाच हवं. गमतीला थांबणार का, असं विचारलं की काहींना एकदम घरचा गॅस आठवतो. त्यातही तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावरून प्रसादाला रांग लागते आणि सत्कार संपला की वरून दारं लागल्याचे आवाज येतात. इकडे बदलापूरला राहायला गेलेला एक मुलगा दरवर्षी येतो, थांबतो, आणि शेवटच्या गाडीच्या धास्तीने चपला पायात घालूनच टाळ्या वाजवतो. त्याने एका वर्षी तुषार जोग या कलावंताबद्दल सांगितलं. जोगही मुंबईचेच, २०१८ साली गेले. त्यांनी 'युनिसेल' नावाचं एकट्याचं सार्वजनिक बांधकाम खातं काढलं होतं. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांसाठी खरोखरीच्या सरकारी थाटात अवजारांचे आराखडे त्यांनी केले होते. या मुलाने जुन्या शाळेच्या दप्तराचे पट्टे आणि पडद्याचे आकडे जोडून स्वतःचं एक अवजार आणलं होतं, दांडीला अडकवून उभ्याने झोपायचं. आम्ही पोट धरून हसलो. तो हसत नव्हता. रोज जाऊन-येऊन त्याचे तीन तास त्या गाडीत जातात.

पण वही उघडली की माझं बोट आपोआप २०१८वर जातं.

आठ नंबरचे भाऊ तीस वर्षं एका इस्पितळाच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. कार्यक्रमात ते कायम मागे, सतरंज्यांच्या ढिगाजवळ. त्या वर्षी त्यांनी स्वतःहून वहीत नाव लिहिलं. कॅलेंडरच्या पानामागे भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. हातात एक भिंगरी होती, लहानपणी सगळ्यांनी बटणाची केलेली असते तसली. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चकती, मधोमध दाभणाने पाडलेली दोन भोकं, त्यातून ओवलेला गोधडीचा दोरा, दोन टोकांना पेन्सिलीचे तुकडे. चकतीवर दोन बाजूंना स्ट्रॉचे बोटभर तुकडे चिकटवलेले, टोकं मेणबत्तीने बंद केलेली. एकात हळदीचं पाणी, दुसऱ्यात साधं.

भाऊ म्हणाले, मनू प्रकाश नावाचा आपल्याकडचा एक शास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्डला आहे. तो युगांडात गेला होता. तिथल्या दवाखान्यात रक्त फिरवायचं महागाचं मशिन दाराला अडसर म्हणून ठेवलेलं त्याने पाहिलं, कारण वीजच नव्हती. मग त्याने आणि त्याच्या मंडळींनी हीच भिंगरी घेतली, गणित मांडलं आणि कागदाची अशी भिंगरी केली की ती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेते. वजन दोन ग्रॅम, खर्च २० सेंट. दीड मिनिटात रक्तातलं पाणी वेगळं. २०१७च्या जानेवारीत ते छापून आलं.

मग त्यांनी दोरा ताणायला सुरुवात केली. आधी नुसता भर्रर्र आवाज. मग तो बारीक होत गेला, चकती दिसेनाशी झाली, आणि भाऊंचे एरवी कापणारे हात त्या लयीत अगदी स्थिर झाले. ओढायचं, सोडायचं, दोरा आपणच उलटा पीळ खातो, परत ओढायचं. ओढता ओढताच ते बोलत होते. "समोर दुसरी नळी का लावली माहितीये? एकच नळी असली तरी समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची ठेवायची, नाहीतर मशिन थरथरतं. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तीस वर्षं मी झाकण लावून शेजारी उभा राहिलो. आत काय होतं हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

भिंगरी थांबली. हळद स्ट्रॉच्या बाहेरच्या टोकाला गोळा झाली होती, आतल्या बाजूचं पाणी बरंच नितळ. ती हातोहात फिरली. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलंच नाही. मी चष्मा पुसत बसले आणि त्या वर्षीच्या वहीत अध्यक्षांच्या आभाराची नोंद करायची राहून गेली. त्यावरून पुढे बोलणी खाल्ली.

आता आभार. नावं लिहीत नाही, कारण मागे एकदा पाणी वाटणाऱ्या मुलाचं नाव राहिलं आणि त्याच्या आईने गणपतीपर्यंत माझ्याशी अबोला धरला. तेव्हा खोल्यांचे नंबर. शिऱ्याला चार आणि पाच. रवा भाजायला सहा, तूप कमी पडल्यावर घरचं देणाऱ्याही सहाच. खुर्च्यांना तळमजल्याची मुलं, सगळी. ताडपत्री दहा, शिडी दहाचीच, शिडी धरणारे चौदा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि फ्यूज, बावीसचे वायरमन. त्यांनी एका वर्षी आपल्याच कामातल्या वायरिंगच्या पाइपांतून डच कलावंत थिओ यान्सनच्या समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या कृत्रिम प्राण्याचा एक पाय केला होता. यान्सनही १९९०पासून असेच पाइप वापरतो, हे कळल्यापासून ते त्याला 'आमच्या लायनीतला' म्हणतात. रांगोळीला सव्वीस आणि सत्तावीसच्या मुली. चहा, कोपऱ्यावरचा टपरीवाला, त्याला नंबर नाही. झाडलोट मीच.

आणि एक राहिलंच. भाऊ आता मुलीकडे वसईला असतात. भिंगरी मंडळाच्या कपाटात, वातींच्या डब्यात. दरवर्षी गंमत सुरू होण्याआधी ती एखादं पोर फिरवतं आणि दरवर्षी तिचा दोरा कोरा, घट्ट असतो. येऊन-जाऊन भाऊच बदलत असतील असं मी धरून चालले होते. यंदा प्रसादाचे द्रोण घेऊन वर गेले, तर एकतीस नंबरमध्ये शिलाई मशिनवर कात्रीशेजारी भिंगरी पडलेली. मावशी गोधड्या शिवतात. कपाटाची किल्ली त्यांच्या मुलाकडे असते. "दोन वर्षांत कुजतो गं दोरा, म्हणून आधीच बदलते," म्हणाल्या.

एकतीस म्हणजे तिसरा मजला. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे पहिल्या वर्षापासून ठळक अक्षरात 'गैरहजर' आहे.