दिगंशाशी जुळलेला आलेख

अंतराळातील रेडिओ दुर्बिणीला जमिनीवरच्या दुर्बिणींशी जोडून निरीक्षण करायचे, तर तिचे घड्याळही त्यांच्याइतकेच स्थिर असावे लागते. १९९७ मध्ये जपानने सोडलेल्या हाल्का उपग्रहावर हायड्रोजन मेसर (अतिशय स्थिर अणुघड्याळ) नव्हता; जमिनीवरील मेसरचा संदर्भ अनुगमन केंद्रातून (उपग्रहाचा माग ठेवणाऱ्या अँटेनाच्या केंद्रातून) १५.३ गिगाहर्ट्‌झवर वर जाई, १४.२ गिगाहर्ट्‌झवर परतलेल्या संदेशाची फेज (लहरीच्या आवर्तनातील स्थान) मोजली जाई आणि तिच्या निम्म्यावरून एकेरी वाटेतील बदल काढला जाई. आमच्या अनुगमन केंद्राचा आराखडाही याच वळणाचा होता.

तो पक्का करण्यापूर्वी एका जुन्या अँटेनावर चाचणी घेतली. उपग्रहाच्या जागी संदेश परत पाठवणारा ट्रान्सपाँडर डिशच्याच कडेला बसवला होता. त्यामुळे अँटेना कुठेही वळली तरी वाटेची लांबी, आणि म्हणून मोजलेली फेजही, बदलायला नको होती. ती मात्र संथपणे वरखाली होत राहिली. सकाळभर सर्वांनी तापमानाला दोष दिला (या कामात तो नेहमीच हाताशी असतो). दुपारी एका सहकाऱ्याने तेच आकडे वेळेऐवजी अँटेनाच्या दिगंशासमोर (क्षितिजालगतच्या दिशेच्या कोनासमोर) मांडले, तेव्हा दोन स्वच्छ रेषा उमटल्या: उजवीकडे वळतानाची एक, डावीकडे वळतानाची दुसरी.

दिगंशाच्या अक्षाभोवती केबलींचे वेटोळे असते. संदेश वर नेणारी केबल त्याच्या बाहेरच्या फेऱ्यात असल्याने ती खाली आणणारीपेक्षा अधिक ताणली जात होती. विद्युत लांबीत एक मिलिमीटरचा फरक पडला, तरी १५.३ गिगाहर्ट्‌झला फेज सुमारे १८ अंशांनी सरकते. त्यातही निम्मे करण्याची युक्ती दोन्ही वाटा सारख्याच बदलल्या तरच लागू पडते. बदल एकाच केबलीत असेल, तर दुरुस्तीनंतरही निम्मी चूक तशीच उरते. हाल्कासारखा उपग्रह उपभू बिंदूजवळ, म्हणजे कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना, ५६० किलोमीटरवर येतो. तेव्हा तो डोक्यावरून गेला, तर दिगंश अतिशय वेगाने फिरतो आणि केबलींची हालचालही तेव्हाच सर्वाधिक असते.

केबलीतून शंभर मेगाहर्ट्‌झच न्यावेत, असे एकाने सुचवले. त्याने काही साधत नाही, कारण वर पोहोचल्यावर ती कंप्रता गुणून वाढवावी लागते आणि तिच्याबरोबर फेजमधील चूकही तितक्याच पटीने गुणली जाते. अखेर प्रत्येक केबलीची लांबी सतत मोजणारे स्वतंत्र मापन-परिपथ बसवायचे आणि दोन्ही केबली वेटोळ्याच्या एकाच फेऱ्यातून न्यायच्या, असे ठरले. वेटोळे त्यामुळे रुंद झाले आणि अँटेनाच्या खांबाचे रेखाचित्र पुन्हा काढावे लागले.