उत्तर तटाला सांगा, पायी येतेय

कार्तिकी एकादशी झाली आणि आम्ही सात जण इंदूरहून ओंकारेश्वरला पायी निघालो. जेमतेम ऐंशी किलोमीटर. पंढरीची वारी आमच्या घरात पणजोबा नर्मदा ओलांडून इकडे आले तेव्हाच सुटली. आता हीच आमची वारी. यंदा काकू ओंकारेश्वरला नर्मदेची परिक्रमा, म्हणजे दोन्ही काठांनी पायी प्रदक्षिणा, उचलणार होती, म्हणून पावलं जरा जड होती.

सिमरोलच्या पुढे घाट लागला तिथे मी थांबलो. इंदुरात पडलेला पाऊस खान नदीतून क्षिप्रेला, तिथून चंबळेला आणि चंबळेतून यमुनेला जातो. इथून खालचं पाणी मात्र चोरल नदीतून नर्मदेला, म्हणजे थेट उलट दिशेच्या समुद्राला. माळवा आणि निमाड इथे वेगळे होतात. आम्ही मात्र १९७८ पासून नर्मदाच पितो, पंपांनी वर चढवून आणलेली. ती वापरून झाली की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ खानेत सोडतो. नर्मदामैयाला नमस्कार करायला चाललेल्या माणसाला हे बोचलंच पाहिजे.

चौथ्या दिवशी सकाळी बडवाह सोडून मोरटक्क्याच्या पुलावर आलो. काकू मध्यावर उभी राहिली. म्हणाली, "ही शेवटची. उद्यापासून ओलांडायची नाही." परिक्रमेत नर्मदा कधीच ओलांडत नाहीत, फक्त उजव्या हाताला ठेवून चालायचं.

आणि आपला सगळा इतिहास ही नदी ओलांडण्याचाच! सातव्या शतकात पुलकेशीने हर्षाला नर्मदेवरच अडवलं. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पा नर्मदा उतरून माळव्यात चढले आणि अमझेऱ्याला जिंकले. दहा वर्षांनी निजामाने भोपाळजवळ तह केला, तेव्हा मुलूख मोजला तोही नद्यांनीच: नर्मदा ते चंबळ. दसऱ्याला सीमोल्लंघन का, याचं उत्तरही पाण्यातच आहे. पावसाळा सरून नद्या उतरल्याशिवाय घोडा, तोफ, बैल पलीकडे जाणार कसे? १७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेला यमुनेचा पूर आडवा आला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि आणखी उत्तरेला गेलेल्या भाऊसाहेबांच्या फौजेची दिल्लीची वाट तुटली. पानिपतावर किती बोलतो आपण. त्या बागपतच्या उताराबद्दल फार कमी.

ओंकारेश्वरला घाटावर काकूने संकल्प सोडला, बाटलीत मैयाचं जल घेतलं. तिच्यासोबत दक्षिण तटाने रावेरखेडीपर्यंत जायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. वाटेत एका नावाड्याच्या ओट्यावर चहा झाला. काकूने विचारलं, "दादा, इथून समुद्रापर्यंत नाव जाते का?" तो म्हणाला, "पुढे महेश्वरजवळ सहस्रधारेला खडक आहेत, माई. तिथे नाव फुटेल." नर्मदेच्या मुखाजवळच्या भडोचला मात्र दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी जहाजं यायची. तिथलं मुख इतकं अवघड, भरती-ओहोटी इतकी जोराची, की राजाचे कोळी होड्या घेऊन समुद्रात जात आणि जहाजांना वाट दाखवत बंदरात आणत; एका ग्रीक खलाशाने हे लिहून ठेवलं आहे. काकूलाही त्या मुखाशी होडीत बसावं लागणार. तेवढा एकच प्रवास पाण्यावरचा, आणि तोही समुद्रातून.

रावेरखेडीला बाजीरावांची समाधी अगदी काठाशी आहे. २८ एप्रिल १७४०. वय अवघं एकोणचाळीस. ज्यांनी ही नदी कितीदा ओलांडली असेल, ते तिच्याच काठी ज्वराने गेले. आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो. कोणी मोबाइल काढला नाही. वडिलांनी समाधीच्या दगडावर हात ठेवला, तो उचलवेना.

मग काकूने झोळी खांद्यावर घेतली. आम्हाला परत पूल ओलांडायचा होता, तिला नाही.

"नर्मदे हर," ती म्हणाली. "उत्तर तटाला सांगा, येतेय म्हणून. पायी येतेय."